ताशी पन्नासच्या पुढे सूंऽऽ असा आवाज: चाकाचे बेअरिंग, टायर की गिअरबॉक्स?

कृष्णाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे सात वर्षे वापरलेली, पाच गिअरची, फ्रंट व्हील ड्राइव्ह असलेली पेट्रोल हॅचबॅक असून ती सुमारे ८५ हजार किलोमीटर चालली आहे. काही आठवड्यांपासून गाडीने ताशी ५० किलोमीटरचा वेग ओलांडला की पुढच्या बाजूने सूंऽऽ असा बारीक, ताणलेल्या तारेसारखा आवाज सुरू होतो आणि वेग वाढेल तसा त्याचा सूर चढत जातो. गावातल्या रस्त्यांवर तो जाणवत नाही. पण कराडहून पुण्याला जाताना महामार्गावर तोच सूर सतत कानात राहतो, आणि खंबाटकीच्या बोगद्यात काच खाली केली की शेजारी बसलेल्याला तो वेगळा दाखवून द्यावा लागत नाही. स्टिअरिंगला कंप नाही, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत नाही आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा कोणताही दिवा लागलेला नाही.

गाडी दोन ठिकाणी दाखवली. एका मेकॅनिकने छोटी ट्रायल मारून पुढची दोन्ही बेअरिंगे बदलायला सांगितली. दुसऱ्याच्या मते टायर आवाज करत आहेत आणि चारही बदलावे लागतील. दोघांपैकी कोणीही गाडी जॅकवर घेतली नाही. दोन्ही सल्ले एकाच वेळी खरे असण्याची शक्यता मला कमी वाटते. दोन्ही अमलात आणण्याचा खर्च मात्र नक्की आहे.

उपयोगी पडेल अशी आणखी माहिती देतो. पॉवर स्टिअरिंग विजेवर चालणारे आहे, म्हणजे तेलाचा पंप नाही. टायर चार वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांच्या नक्षीची खोली अजून पुरेशी दिसते. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेले आहे. पावसाळ्याआधी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट गावातल्याच एका गॅरेजमध्ये नवीन बसवून घेतली. सुटे भाग बदलत बसण्याआधी आवाजाचा उगम घरच्या घरी, किंवा निदान मेकॅनिकला समोर बसवून, खात्रीने कसा ठरवावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

पानापक्कड

आपला प्रश्न नीट मांडलेला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. आवाज कोणत्या बाजूने येतो याला फार महत्त्व देऊ नका. गाडीचा पत्रा आवाज इकडून तिकडे वाहून नेतो, आणि मागच्या डाव्या चाकाचा आवाज पुढून उजवीकडून येतो असे शपथेवर सांगणारे गिऱ्हाईक मी पुष्कळदा पाहिले आहे. आवाज कशाबरोबर बदलतो, हे आधी शोधायचे. गाडीच्या वेगाबरोबर, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर, की अॅक्सिलरेटर दाबण्या-सोडण्याबरोबर, एवढे कळले की गाडीचा अर्ध्याहून अधिक भाग संशयातून बाहेर पडतो.

पहिली तपासणी उभ्या गाडीची. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनला रेस द्या आणि फेऱ्या २,००० ते ३,००० च्या दरम्यान वर-खाली करा. तोच सूर उभ्या गाडीतही येत असेल, तर चाक, टायर आणि क्राउन-पिनियन (गिअरबॉक्समधून चाकांना गती देणारी मोठ्या-लहान दातेरी चक्रांची शेवटची जोडी) यांचा विषय संपला. मग संशय अल्टरनेटर, बेल्टचा टेन्शनर, आयडलर पुली आणि वॉटर पंप यांच्या बेअरिंगांवर जातो. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक एकेका भागाच्या न फिरणाऱ्या अंगाला टेकवून मूठ कानाशी धरली तर खराब बेअरिंगची घरघर स्पष्ट ऐकू येते; बाजारात मेकॅनिकचा स्टेथोस्कोपही मिळतो आणि तो अधिक सुरक्षित आहे. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी फिरत्या बेल्टच्या जवळ येता कामा नये. याच वेळी क्लचचीही परीक्षा होते. न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण सोडलेला असताना घरघर येत असेल आणि पेडल दाबताच ती थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (क्लचकडून इंजिनची गती आत आणणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग पाहावे लागते, कारण पेडल दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. याउलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग.

दुसरी तपासणी चालत्या गाडीची. रिकाम्या, सरळ, सपाट रस्त्यावर आवाज येणाऱ्या वेगाला पोहोचा, क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये टाका, क्लच सोडा आणि इंजिन आपल्या संथ गतीवर येऊ द्या. किल्ली मात्र कदापि बंद करू नका. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांत संपते आणि स्टिअरिंग लॉक होण्याचाही धोका असतो. घाटात तर हा प्रयोग नकोच. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहून गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत गेला, तर दोष टायरमध्ये किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. आवाज लगेच तुटला किंवा बराच मंदावला, तर दोष इंजिनकडे किंवा गिअरबॉक्समध्ये आहे.

तिसरी तपासणी भाराची. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये ठरावीक वेग धरून अॅक्सिलरेटर जरा अधिक दाबा, मग पूर्ण सोडा. वेगात फारसा फरक पडण्याआधीच आवाजात फरक पडत असेल, तर ते दात्यांवर येणाऱ्या भाराचे लक्षण आहे. गाडी इंजिनने ओढली जाताना दात्याची एक बाजू काम करते आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर दुसरी. चाकाच्या बेअरिंगला इंजिन ओढते आहे की नाही याच्याशी काही देणेघेणे नसते.

आपण ज्याला सूं म्हणता तो आवाज बारीक आहे, हे मला विशेष वाटते. चाकाचे बेअरिंग बहुधा जाड, घुमणाऱ्या आवाजाने बोलते. तरीही मोकळ्या मैदानात ताशी ४० च्या आसपास सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवून पाहा. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून डावीकडे वळताना आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवे बेअरिंग दोषी असते आणि उजवीकडे वळताना वाढला तर डावे. हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही, कारण आजच्या बेअरिंगांत गोळ्यांच्या दोन रांगा असतात आणि आतली रांग खराब असेल तर निकाल उलटा येऊ शकतो. वळणावर काहीच फरक पडला नाही, तर बेअरिंगवर पैसे घालवण्याची घाई करू नका.

रिव्हर्स गिअरमध्ये सूं आवाज येतो म्हणून घाबरून येणारेही असतात. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात, त्यामुळे तो आवाज जन्मजात आहे. त्याचा इथे विचार करू नये.

डांबरी

टायर बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिकला अगदीच मोडीत काढू नये, म्हणून लिहितो. नक्षीची खोली पुरेशी असली तरी टायर आवाज करू शकतो. अलाइनमेंट बिघडलेली असेल किंवा टायरची अदलाबदल वेळेवर झाली नसेल, तर नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजते आणि दुसरी उंच राहते. टायरच्या घेरावरून तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने फिरवला तर कड बोटांना अडते. मागच्या टायरांवर ही झीज जास्त सापडते, कारण तिथे भार कमी असतो आणि लक्षही कमी असते.

टायर ओळखण्याची सर्वांत स्वस्त खूण म्हणजे रस्ता बदलल्यावर आवाज बदलतो का, हे पाहणे. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर टायरच्या आवाजाची जात बदलते; बेअरिंगची आणि गिअरची बदलत नाही. मात्र काँक्रीटच्या पृष्ठभागावर पाणी निघून जाण्यासाठी आडव्या रेघा ओढलेल्या असतात आणि त्या रेघाच स्वतः सूं करतात. समृद्धी महामार्गावरून पहिल्यांदा गाडी नेणाऱ्या एका नातेवाइकांनी याच आवाजापायी वाटेत थांबून चारही चाके तपासली होती. म्हणून निर्णय काँक्रीटवर नव्हे, चांगल्या डांबरी रस्त्यावर करावा.

तरीही शंका राहिली तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे घालून पाहा. आवाज चाकांबरोबर सरकला किंवा त्याचा पोत बदलला तर टायर दोषी. फिरण्याची दिशा बाणाने दाखवलेले टायर असतील तर त्यांची बाजू बदलू नका, त्याच बाजूला पुढे-मागे करा. टायरच्या अंगावरील चार आकडेही वाचून ठेवा. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. खरेदीचे साल आणि जन्माचे साल यांत बरेच अंतर असू शकते.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी भावाला बरोबर घेऊन सर्व करून पाहिले. निरीक्षणे अशी आहेत.

उभ्या गाडीत रेस दिल्यावर महामार्गावरचा तो सूर येत नाही. मात्र कान देऊन ऐकल्यावर न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना, एक अगदी मंद घरघर आहे आणि पेडल दाबल्यावर ती थांबते. आजवर ती कधी लक्षात आली नव्हती. ताशी ७० ला न्यूट्रलमध्ये टाकल्यावर सूं जवळजवळ नाहीसा झाला. पाचव्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर तो स्पष्ट वाढतो आणि सोडल्यावर दबतो. चौथ्यात तोच प्रकार, पण कमी. तिसऱ्यात मुद्दाम शोधावा लागतो. मैदानात डावी-उजवी वळणे घेतली, काहीही फरक नाही. डांबरी आणि काँक्रीट रस्त्यांवर गाडीचा एकूण आवाज बदलला, हा सूर मात्र तसाच राहिला. टायरवरून हात फिरवला. मागच्या दोन्ही टायरांना कड थोडी लागते, पुढच्यांना नाही.

स्वरमापक

ही निरीक्षणे पाहता चाकाकडे जाण्याचे कारण उरलेले नाही. तरी पाचव्या गिअरवर बोट ठेवण्याआधी ते आकड्यांत पडताळता येते, आणि त्यासाठी मोबाइलखेरीज काही लागत नाही. आवाजाची वारंवारता आलेखावर दाखवणारी अनेक मोफत अॅप मिळतात. शेजारी बसणाऱ्याने फोन हातात धरावा, चालकाने वेग स्थिर ठेवावा. वेग स्पीडोमीटरवरून न घेता जीपीएसवरून घ्यावा, कारण स्पीडोमीटर साधारणतः प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो.

आता हिशेब. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणून चाक सेकंदाला साधारण साडेआठ वेळा फिरते. समजा, गाडीच्या क्राउनला ७४ आणि पिनियनला १८ दाते आहेत. क्राउन चाकाच्याच गतीने फिरतो, त्यामुळे तिथे सेकंदाला ८.५ गुणिले ७४, म्हणजे सुमारे ६३० वेळा दात्यावर दाता येतो. क्राउन-पिनियन बोलत असेल तर आलेखात ६३० हर्ट्झच्या आसपास शिखर दिसेल, आणि वेग तोच ठेवून गिअर बदलला तरी ते जागचे हलणार नाही.

पाचव्या गिअरचे गणित वेगळे आहे. वरील दात्यांनुसार आउटपुट शाफ्ट (पिनियन ज्यावर असतो तो दांडा) सेकंदाला सुमारे ३५ वेळा फिरेल. त्या शाफ्टवरच्या पाचव्याच्या गिअरला ३३ दाते असतील तर शिखर १,१५० हर्ट्झच्या जवळ येईल, आणि त्याच वेगाला चौथा टाकताच ते नाहीसे होऊन दुसरीकडे उभे राहील. आपल्या गाडीचे दाते यापेक्षा वेगळे असणार. खरे आकडे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळतात. पण आकडे मिळाले नाहीत तरी गिअर बदलल्यावर शिखर सरकते की नाही, एवढे पाहणेही पुरेसे आहे.

चाकाच्या बेअरिंगमध्ये चाकाच्या एका फेरीत, गोळ्यांच्या संख्येनुसार, साधारण पाच-सहा ठोके बसतात. ताशी ६० ला ते सेकंदाला ४० ते ५० होतात, म्हणून त्याचा आवाज जाड असतो. पानापक्कड यांनी कानाने सांगितले ते आकड्यांतही तसेच येते.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. टायरच्या घेरावर नक्षीचे साठ-सत्तर ठोकळे असतात, म्हणजे टायरचा सूरही याच वेगाला ५०० ते ६०० हर्ट्झमध्ये पडतो, आणि तो क्राउन-पिनियनच्या सुरात मिसळतो. त्या दोघांना आलेख वेगळे करू शकत नाही. तिथे अॅक्सिलरेटर दाबून-सोडून पाहण्याचीच पद्धत उपयोगी पडते.

पानापक्कड

आलेख जरूर काढा, पण त्याआधी एक विचारतो, कारण आपल्या पहिल्या लिखाणातील एका वाक्याने माझे लक्ष वेधले होते. क्लच प्लेट बदलली तेव्हा गिअरबॉक्स खाली उतरवला असणार. तो उतरवायचा तर दोन्ही एक्सल बाहेर काढावे लागतात, आणि एक्सल काढले की त्या भोकांतून गिअर ऑइल वाहते, म्हणून ते आधीच काढून घेतात. गिअरबॉक्स परत चढवल्यावर ऑइल किती भरले, कोणते भरले, हे बिलावर लिहिलेले आहे का? नवीन ऑइलची ओळच बिलात नसेल तर काढलेलेच डब्यातून परत ओतले असण्याचा संभव आहे, आणि त्यात सांडलेले वजा धरावे लागते.

ऑइल कमी असल्यावर पाचवाच आधी का बोलतो, याला कारण आहे. या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये ऑइलचा पंप नसतो. खाली बुडालेला क्राउन फिरताना ऑइल वर उडवतो आणि त्या शिडकाव्यावर वरचे शाफ्ट आणि त्यांची बेअरिंगे चालतात. पुष्कळ पाच गिअरच्या गाड्यांत पाचव्याची जोडी मुख्य पेटीच्या बाहेर, टोकाच्या झाकणाखाली बसवलेली असते. पातळी उतरली की तिथे सर्वांत आधी कोरड पडते. इनपुट शाफ्टचे त्या टोकाचे बेअरिंगही तिथेच असते, आणि ते झिजून शाफ्ट किंचित हलू लागला की दात्यांची बैठक बिघडून सूं सुरू होतो. न्यूट्रलमधली आपली मंद घरघर या चित्रात बसते.

पातळी पाहण्यासाठी गाडी चारही चाकांनी सपाट राहील अशी उचलायला हवी, म्हणून पिट किंवा लिफ्ट असलेल्या ठिकाणी जा. केवळ जॅकच्या आधाराने कोणीही गाडीखाली जाऊ नये; खाली घोडी (जॅक स्टँड) लावलीच पाहिजे. आधी वरचा, भरण्याचा नट उघडून घ्या. तो जाम झालेला असेल आणि खालचा ड्रेन नट आधीच काढला असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावे लागते. बहुतेक गाड्यांत भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल असावे लागते. करंगळी आत वाकवून टोक ओले झाले नाही तर ऑइल कमी आहे. काही गाड्यांत असे भोक नसते, तिथे सर्व ऑइल काढून मोजून भरणे हाच मार्ग असतो.

काढलेले ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या. ड्रेन नटाला चुंबक असेल तर त्यावर काळपट, लोण्यासारखा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे कण किंवा चकचकीत पापुद्रे निघाले तर बेअरिंग सोलवटले आहे असे समजावे. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. पितळी झाक दिसली तर ती सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या भागाच्या) रिंगांची. नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच श्रेणीचे भरा. जिथे जीएल-४ ही गिअर ऑइलची श्रेणी सांगितली आहे तिथे 'वरच्या दर्जाचे' म्हणून दुकानदार जीएल-५ देतो, ते घेऊ नका. त्यातील काही द्रव्ये पितळी रिंगांना मानवत नाहीत आणि गिअर पडण्यात अडथळा येऊ शकतो.

वाळवा

मध्येच विचारतो, क्षमा असावी. माझी गाडी पुराच्या पाण्यात चाके पूर्ण बुडतील इतकी उभी होती. नंतर इंजिनचे सर्व काम झाले. आता ताशी ४० पासून जाड घूंऽऽ आवाज येतो, न्यूट्रलमध्येही राहतो आणि उजवीकडे वळताना वाढतो. चाक जॅकवर घेऊन हलवले तर कुठेही खेळ (ढिलेपणा) नाही, म्हणून मेकॅनिक बेअरिंग चांगले आहे म्हणतो.

पानापक्कड

वाळवा, आपल्या गाडीचे पुढचे डावे बेअरिंग आधी पाहा. खेळ नाही म्हणजे बेअरिंग चांगले, हा समज चुकीचा आहे. खेळ हे शेवटच्या अवस्थेचे लक्षण असते. चाक उचलून एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते, आणि उजव्या चाकाशी तुलना केली की शंका राहत नाही. पुराच्या पाण्यात बारीक गाळ असतो. तो सीलमधून आत गेला की ग्रीस कामातून जाते आणि गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे डाग पडतात. डावे तसे निघाले तर उजवेही त्याच पाण्यात होते, हे विसरू नका. गिअर ऑइलही तपासा, कारण गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून (हवा ये-जा करण्याच्या नळीतून) पाणी आत गेलेले असू शकते.

दाबून बसवायचे बेअरिंग असेल तर ते हातोड्याने ठोकून घेऊ नका. प्रेस असलेल्याकडेच जा. नकलमध्ये (चाकाचे बेअरिंग ज्यात बसते त्या ओतीव भागात) बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच आला पाहिजे, आणि हब आत घालताना आतल्या कड्याला खालून आधार हवा. हे चुकले की दाब गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्याच आठवड्यात जुन्यासारखे बोलू लागते. गाडीला एबीएस असेल तर बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय पट्टी असण्याची शक्यता आहे. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी, उलटी बसली तर एबीएसचा दिवा लागतो. एक्सलचा मोठा नट नवीन घ्या, टॉर्क पान्याने सांगितलेल्या मापाला आवळून घ्या, आणि तो आवळण्याआधी गाडीचे वजन त्या चाकावर टाकू नका.

कृष्णाकाठ

उशिरा लिहीत आहे, कारण लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये वेळ मिळायला थोडे थांबावे लागले.

आलेखात पाचव्या गिअरमध्ये ताशी ६० ला १,१०० हर्ट्झच्या थोडे वर ठळक शिखर दिसले. चौथा टाकल्यावर ते तिथून गेले आणि दुसरीकडे, बरेच ठेंगणे, उभे राहिले. क्लचच्या कामाचे बिल शोधले. त्यात प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी आहे, गिअर ऑइलचा उल्लेख नाही. लिफ्टवर भरण्याचा नट उघडल्यावर एक थेंबही बाहेर आला नाही. सर्व ऑइल काढून मोजले तर ते सव्वा लिटरच्या आत भरले. मॅन्युअलमध्ये दोन लिटरहून अधिक लिहिलेले आहे. एक्सलचे दोन्ही ऑइल सील कोरडे होते, म्हणजे गळती नव्हती. चुंबकावर मऊ लेप होता आणि त्यात काही कण बोटांना टोचत होते. पापुद्रे नव्हते, दुधाळपणाही नव्हता.

नवीन ऑइल मापाने भरून गाडी चालवली. चौथ्यातला आवाज गेला आहे. पाचव्यातला अर्ध्याहून कमी झाला, पण गेलेला नाही, आणि न्यूट्रलमधली घरघर आहे तशीच आहे. गॅरेजवाल्यांनी तीन मार्ग सांगितले: आहे तसे चालवणे, गिअरबॉक्स खोलून बेअरिंगे बदलणे, किंवा भंगारातून दुसरा गिअरबॉक्स आणून बसवणे. शेवटचा मार्ग त्यांच्या मते सर्वांत लवकर होणारा आहे. शिवाय एका सभासदांनी व्यक्तिगत निरोपातून ऑइलमध्ये घालण्याचे घट्ट द्रव्यही सुचवले आहे. काय करावे?

पानापक्कड

घट्ट द्रव्य घालू नका. त्याने आवाज दबेल, झीज दबणार नाही, आणि थंडीत सकाळी गिअर जड पडतील. भंगारातला गिअरबॉक्स किती चालला आहे आणि कसा चालला आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्यातूनही सूं निघाला तर मजुरी दोनदा जाईल.

टोचणारे कण आणि न्यूट्रलमधली घरघर या दोन गोष्टी असताना इनपुट शाफ्टचे बेअरिंग पुन्हा बरे होणार नाही, पण आज रस्त्यात दगा देईल अशीही ही अवस्था वाटत नाही. हे ऑइल हजारभर किलोमीटर चालवा, मग पुन्हा काढून चुंबक पाहा. या वेळी लेप मऊच निघाला आणि पाचव्यातला आवाज वाढलेला नसेल, तर सवडीने काम काढता येईल. कण पुन्हा टोचले किंवा आवाज वाढला तर थांबू नका, कारण बेअरिंगचे तुकडे ऑइलबरोबर फिरून चांगले दाते आणि क्राउनची बेअरिंगेही खराब करतात, आणि तेव्हा खर्च बराच वाढतो.

पेटी खोलाल तेव्हा पाचव्याच्या दोन्ही गिअरचे दाते उजेडात धरून पाहा. दात्याच्या अंगावर बारीक खड्डे पडलेले असतील तर जोडीने बदलावे लागतील. एकच नवा घातला तर तो जुन्याबरोबर बसत नाही आणि सूं परत येतो. इनपुट आणि आउटपुट शाफ्टची चारही बेअरिंगे एकदमच बदला, कारण सुट्या भागांच्या किमतीपेक्षा पेटी उतरवण्या-चढवण्याची मजुरी जास्त असते. एक्सलचे ऑइल सील आणि क्लचच्या बाजूचे सील त्याच वेळी नवीन घाला. काम सांगताना गिअर ऑइलची श्रेणी आणि लिटर अंदाजपत्रकावर लिहून घ्या, आणि भरताना तिथे उभे राहा.